फिनलंडच्या नावावर खपवलेली गोळी

"उत्तरेकडच्या फिनलंडमधल्या थंडीत शरीर आतून गंजतं. म्हणून तिथले लोक रोज अँटिऑक्सिडंट घेतात. बीटा कॅरोटिन, व्हिटॅमिन ई, सेलेनियम, झिंक सुरू करा, सिगारेट ओढणाऱ्याचंही फुफ्फुस सुरक्षित! नैसर्गिक आहे, जास्त झालं तरी अपाय नाही."

हा फॉरवर्ड मी सोडून दिला असता. पण आमचा दादा फिनलंडमध्येच, एस्पू शहरात राहतो, रोज पाकीटभर ओढतो, आणि त्याने हे वाचून बाटली मागवली. आईला फोनवर सांगतो, आता काळजी नको. बाटलीचा फोटो मागून घेतला. एका गोळीत बीटा कॅरोटिन 15 मिलिग्रॅम, आणि फॉरवर्डवाले म्हणतात रोज दोन घ्या.

सिगारेटचा मुद्दा आधी, कारण त्याने जीव जाऊ शकतो. ज्या फिनलंडची साक्ष काढली जातेय, त्याच फिनलंडमध्ये हे तपासून झालंय. 1985 ते 1993, नैऋत्य भागातले 50 ते 69 वयाचे 29,133 पुरुष, सगळे धूम्रपान करणारे. काहींना रोज 20 मिलिग्रॅम बीटा कॅरोटिन, काहींना व्हिटॅमिन ई, काहींना दोन्ही, काहींना नुसती बिनऔषधाची गोळी. 1994 मध्ये निकाल छापून आला. बीटा कॅरोटिन घेणाऱ्यांत फुफ्फुसाचा कर्करोग 18 टक्क्यांनी जास्त, एकूण मृत्यू 8 टक्क्यांनी जास्त. व्हिटॅमिन ईने फुफ्फुसाला काहीच फायदा नाही. अमेरिकेत 30 मिलिग्रॅम बीटा कॅरोटिन आणि सोबत व्हिटॅमिन ए देऊन असाच प्रयोग चालू होता. तिथेही कर्करोग वाढलेला दिसला आणि 1996 मध्ये तो मुदतीआधीच थांबवावा लागला. 30 मिलिग्रॅम म्हणजे दादाच्या दोन गोळ्या! हे सगळं जगजाहीर असताना ओढणाऱ्या माणसाला हीच गोळी सुचवायची, याचा मला संताप येतो.

बीटा कॅरोटिन मुळात ज्यात असतं ते गाजर-भोपळा खुशाल खा, तो प्रश्नच नाही. धोका दिसला तो गोळीतल्या मोठ्या डोसचा.

सेलेनियमबद्दल थोडं तथ्य आहे, तेवढं मान्य करते. फिनलंडच्या जमिनीत पिकांना मिळेल असं सेलेनियम फार कमी. पण त्यावर सरकारने 1984 मध्ये उपाय ठरवला: रासायनिक खतातच ते मिसळायचं. तेव्हापासून तिथल्या धान्यातून, दुधातून, मांसातून ते पोटात जातंच. वर गोळी कशाला?

आणि "जास्त झालं तरी अपाय नाही" हे धादांत खोटं. सेलेनियम फार झालं की केस गळतात, नखं ठिसूळ होऊन तुटतात. झिंक बराच काळ जास्त घेतलं तर शरीरातलं तांबं कमी पडतं.

राहिली थंडी. तिथल्या काळोख्या हिवाळ्यात खरी उणीव पडू शकते ती व्हिटॅमिन डीची. त्याचा फॉरवर्डमध्ये उल्लेखसुद्धा नाही.

दादा, तू हे वाचशीलच. ती बाटली आजच बंद कर. आणि सिगारेट सोडायला मदत हवी असेल तर तिथल्या आरोग्य केंद्रात मिळते, या आठवड्यातच वेळ घे.