खुर्ची उबवण्याची सुट्टी

कोरियातल्या फॉरेन टीचर मंडळींचा एक लाडका शब्द आहे, डेस्क वॉर्मिंग. म्हणजे शाळेला सुट्टी, मुलं घरी, शिक्षक घरी, आणि आपण मात्र रोज सकाळी साडेआठला हजर होऊन साडेचारपर्यंत टेबलाशी बसायचं, काम असो वा नसो. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं अरे ही तर आपलीच खुर्ची उबवायची पद्धत, त्यात काय एवढं, आपल्या रक्तात आहे ते. पण आपल्याकडे जो खुर्ची उबवतो त्याची खुर्ची निदान उबते तरी. माझी १८ दिवसांत उबली नाही, उलट तिनेच मला गार करून टाकलं.

मी तिथे कशी पोचले ते आधी सांगते. भारत आणि दक्षिण कोरियाचा सेपा नावाचा व्यापार करार आहे, १ जानेवारी २०१० पासून लागू. त्या एवढ्या मोठ्या करारात कुठेतरी कोपऱ्यात इंग्रजी शिकवणारे भारतीय शिक्षकपण आहेत, डिग्री आणि शिकवायचं लायसन्स असलं की ई-२ व्हिसावर सरकारी शाळेत जाता येतं. थोडक्यात मी आयात मालात मोडते. कॉन्ट्रॅक्टमध्ये लिहिलं होतं आठवड्याला २२ तास शिकवणं, रोज ८ तास हजेरी आणि वर्षाला २६ दिवस भरपगारी रजा. सही करताना माझं सगळं लक्ष २६ वर होतं, ८ कडे बघायचं राहूनच गेलं.

डिसेंबरमध्ये मी माझ्या को-टीचरला सहज विचारलं, सुट्टीत तुम्ही लोक काय करता? तर म्हणाली, "आम्ही ट्रेनिंगला असतो."

"कुठे असतं ट्रेनिंग?"

"घरी."

मला वाटलं भाषेचा काहीतरी घोळ झाला. पण नाही, तिकडच्या शिक्षकांच्या कायद्यात कलम ४१ आहे, त्यात शाळेच्या बाहेर राहून ट्रेनिंग करायची परवानगी मिळते, आणि सुट्टी लागली की सगळी स्टाफरूम त्या कलमाच्या पंखाखाली आपापल्या घरी जाऊन प्रशिक्षित होत बसते. मी पडले कॉन्ट्रॅक्टवरची. मला कलम नाही, मला खुर्ची. माझा त्या शिक्षकांवर काडीचा राग नाही हां, मला कलम ४१ असतं तर मी ते फ्रेम करून लावलं असतं.

कोरिया आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे. मी साडेआठला खुर्चीवर टेकायचे तेव्हा घरी पहाटेचे पाच, आणि आई उठलेलीच असते.

"सुट्टी लागली ना गं तुला?"

"हो."

"मग आहेस कुठे?"

"शाळेत."

"मुलं आलीयेत?"

"नाही."

"मग करतेयस काय?"

"बसलेय."

थोडा वेळ नुसता गॅसवरच्या चहाचा आवाज. मग, "पगार देतात ना?"

"देतात."

"मग बस."

ही बातमी मावशीकडे पोचायला दुपार लागली नाही. तिचा व्हॉइस मेसेज आला, "अगं आमच्या ह्यांनी ऑफिसात बत्तीस वर्षं तेच केलं, त्यांना कोणी कोरियाला नाही बोलावलं."

आता हिशेब. २०२३ साल. शाळा ६ जानेवारीला संपली, नवीन वर्ष सुरू होणार २ मार्चला. मधले कामाचे दिवस भरले ३५. उन्हाळ्यात घरी येऊन १४ रजा उडवल्या होत्या म्हणून उरल्या १२, त्या मी फेब्रुवारीच्या शेवटाला लावल्या. पहिला आठवडा इंग्लिश कॅम्प, नऊ मुलं, त्यातली सात आईने ढकलून पाठवलेली, तरी मजा आली, मुलं असली की दिवस जातो. ३५ मधून १२ गेले, ५ गेले, राहिले १८. आठ तासांचे १८ दिवस. मी कॅल्क्युलेटरवर गुणाकार केला आणि तो पुसून टाकला.

माझी इंग्लिश रूम चौथ्या मजल्यावर, कॉरिडॉरच्या अगदी टोकाला. छतात तो मोठा चौकोनी एसी, हिवाळ्यात तोच हीटर होतो. पहिल्या दिवशी भिंतीवरचं बटण दाबलं तर स्क्रीनवर फक्त एक चिमुकलं कुलूप आलं. पुन्हा दाबलं, पुन्हा कुलूप. कंट्रोल सगळा खाली ऑफिसात, आणि ऑफिसाच्या हिशेबाने चौथा मजला रिकामा होता. त्या हिवाळ्यात सरकारने सरकारी ऑफिसांना १७ अंशांच्या वर तापवायचं नाही, आणि टेबलाखाली स्वतःचे हीटर ठेवायचे नाहीत असा नियम काढलेला, वीज वाचवायला. आमच्या शाळेने त्यातून भलतीच स्फूर्ती घेतली. मी खाली जाऊन फोनमधल्या ट्रान्सलेशनवर सांगितलं की वर थंडी आहे, तिथल्या बाईंनी फार प्रेमाने ऐकून घेतलं, मान हलवली, खरंच थंडी आहे म्हणाल्या, आणि मला एक हॉटपॅक दिला. हॉटपॅक म्हणजे ती छोटी पुडी, हलवली की गरम होते, खिशात ठेवायची. एका खिशापुरती सोय झाली.

पायांचं वेगळंच. शाळेत बूट चालत नाहीत, आतल्या स्लीपर घालायच्या. दोन जोडी मोजे घातले की स्लीपर बसेना, एक जोडी घातली की पाय बधिर. शेवटी मी एका पायात दोन आणि एका पायात एक असं तासातासाने आलटून पालटून केलं. बघायला होतंच कोण.

तिसऱ्या दिवशी मटेरियल रूममध्ये काहीतरी शोधताना मला लॅमिनेशन मशीन दिसलं. आता हे मशीन ज्यांनी वापरलंय त्यांना माहितीये, प्लग लावायचा, दोनेक मिनिटांत लाल दिव्याचा हिरवा होतो, मग कागद पाऊचमध्ये घालून पाऊचची चिकटलेली बाजू आधी आत सोडायची, उलटी सोडली की मशीन कागद गिळून बसतं. मी एक फ्लॅशकार्ड सोडलं, "इट्स कोल्ड" लिहिलेलं, स्नोमॅनवालं. प्लॅस्टिकचा तो गरम गोडसर वास आला आणि पलीकडून कार्ड हळूहळू बाहेर आलं, किंचित वळलेलं, आणि काय सांगू, तव्यावरून उतरवलेल्या भाकरीसारखं गरम. मी ते दोन्ही हातांत धरलं. मग गालाला लावलं. मग दुसऱ्या गालाला. मग इकडेतिकडे बघून स्वेटरच्या आत घातलं.

स्वतःचा हीटर ठेवायचा नाही असा नियम होता. लॅमिनेशन मशीनबद्दल कोणी काही म्हटलं नव्हतं.

मी ते उचलून चौथ्या मजल्यावर आणलं, टेबलावर ठेवलं, आणि धंदा सुरू केला. आधी हवामानाची कार्डं झाली, मग प्राणी, फळं, भाज्या. मग एबीसीडी मोठी, एबीसीडी छोटी. मग टाइमटेबल, गेल्या वर्षीचं टाइमटेबल, कॅम्पमध्ये मुलांनी काढलेली माझी चित्रं (एकात मला मिशा आहेत, तेही केलं). गारठले की एक कागद हातांसाठी, एक पोटासाठी, आणि दोन स्लीपरमध्ये तळव्याखाली, ए-फोर अर्धं कापलं की बरोबर बसतं. कागद गार झाला की तो शैक्षणिक साहित्य.

एवढ्यात माझा शाळेतला एकमेव माणूस भेटला. शाळेची देखभाल बघणारे एक वयस्कर गृहस्थ होते, नळ गोठू नयेत म्हणून ते रोज सगळ्या मजल्यांवर फिरून तोट्या बारीक धारेवर सोडून ठेवायचे. मी त्यांना आजॉश्शी म्हणायचे, म्हणजे काका, शाळेत त्यांनाही सॉन्सेंगनीम, म्हणजे सर, म्हणतात हे को-टीचरने फार उशिरा सांगितलं, काकांनी कधी सुचवलंसुद्धा नाही. ते मला बघून रोज विचारायचे, "बाप मॉगॉस्सॉयो?" पहिल्या वेळी मी दचकले, म्हटलं ह्यांना माझ्या वडिलांचं काय पडलंय. बाप म्हणजे तिकडे भात, जेवण. जेवलात का, एवढंच विचारत होते. जेवणाचे तसे हालच होते कारण सुट्टीत शाळेचं जेवण बंद, मी रोज कप राम्यॉन घेऊन जायचे आणि झाकण लावून तीन मिनिटं थांबायच्या जागी दहा मिनिटं कप कवटाळून बसायचे, नूडल्सचा लगदा झाला तरी चालेल पण ऊब जाता कामा नये.

काकांना ते बघवलं नसावं. एका दुपारी त्यांनी मला खुणेनेच खाली बोलावलं. तळमजल्यावर त्यांची एक छोटी खोली होती आणि त्या खोलीला ओंडोल होता, म्हणजे जमीनच खालून तापलेली. मी स्लीपर काढून आत पाय ठेवला आणि माझ्या तोंडून "आई गं" असं इतक्या जोरात निघालं की काका घाबरले. भिंतीला टेकून, पाय पसरून, हातात जेजू बेटावरचं संत्रं. काका टीव्हीवर काहीतरी बघत होते, मला एक अक्षर कळत नव्हतं, कोणीतरी कोणालातरी मुलगी द्यायला नकार देत होतं बहुतेक. मी पाच मिनिटांसाठी गेले होते. तासाने वर आले.

आणि नेमक्या त्याच तासात व्हाइस प्रिन्सिपल चौथ्या मजल्यावर येऊन गेले होते! सबंध सुट्टीत जे कधी वर फिरकले नाहीत ते. खुर्ची रिकामी. पण खुर्चीवर माझा कोट होता, मशीनचा हिरवा दिवा चालू होता आणि टेबलावर लॅमिनेट केलेल्या कागदांचा हा एवढा ढीग. मी धावत वर पोचले तर टेबलावर त्तॉक, म्हणजे तांदळाच्या पिठाचा केक, आणि पिवळ्या चिठ्ठीवर हांगुलमध्ये, म्हणजे कोरियन लिपीत, एक ओळ. फोन धरला चिठ्ठीवर, पाय लटपटत होते, म्हटलं चला, संपलं, आता बॅग भरा. लिहिलं होतं, यॉलशिमी हाशिनेयो. किती मन लावून काम करता हो तुम्ही.

खोटं कशाला सांगू, थोडी लाज वाटली. मग त्तॉक खाल्ला.

मधे सॉल्लालची, चांद्र नववर्षाची सुट्टी आली, २४ जानेवारीपर्यंत. २५ तारखेला सकाळी बाहेर पडले तर थंडीची अशी लाट की त्या दोन दिवसांत सोलमध्ये पारा उणे सोळा-सतराच्या घरात. आमचं गाव सोलच्या शेजारीच. बसस्टॉपवर पापण्या मिटल्या की चिकटतात की काय असं वाटायला लागलं. शाळेत आले तर कुलूप तसंच. त्या दिवशी मी काय लॅमिनेट केलं नाही ते विचारा. व्हिसाची झेरॉक्स, बसचं तिकीट ठेवायचं पाकीट, फॅमिलीचा फोटो, राम्यॉनच्या कपाचं झाकण. आईला व्हिडिओ कॉलवर दाखवलं तर म्हणाली, "तेवढी माझी आधार कार्डाची प्रत पण करून आण गं, फाटत चाललीये."

३० जानेवारीला सरकारने बहुतेक ठिकाणी आतला मास्क ऐच्छिक केला, सगळा देश मोकळा श्वास घेत होता. मी मात्र मास्क घालून एकटी बसले होते, नाकाला तेवढाच आडोसा.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात पाऊच संपले. शंभर-शंभरचे दोन बॉक्स. खाली ऑफिसात मागायला गेले, बाईंनी यादी बघितली, माझ्याकडे बघितलं, परत यादी बघितली. मी "फॉर स्टुडंट्स" म्हटलं. त्यांनी काही न बोलता तिसरा बॉक्स काढून दिला आणि वर एक हॉटपॅक.

१० तारखेला अठरावा दिवस संपला. मशीन जागेवर नेऊन ठेवलं, काकांना घरून आणलेलं चिवड्याचं शेवटचं पाकीट दिलं. त्यांनी एक दाणा चाखून "मॅवॉयो" म्हणून डोळे पुसले, तिखट लागलं होतं, पण पाकीट खिशात घातलं.

मार्चमध्ये शाळा भरली तेव्हा माझ्या साहित्याचं प्रदर्शन झालं. थट्टा नाही, कॉरिडॉरमध्ये बोर्डवर लावलं सगळं. व्हाइस प्रिन्सिपलनी सगळ्या शिक्षकांसमोर माझ्याकडे हात करून काहीतरी लांबलचक सांगितलं, मला त्यातलं फक्त यॉलशिमी कळलं, तीनदा आलं. मिशावालं चित्रपण लागलं होतं.

मग जुलै. उन्हाळ्याची सुट्टी, पुन्हा खुर्ची. बाहेर घामाच्या धारा, आणि सरकारी नियम असा की २८ अंशांच्या खाली थंड करायचं नाही. भिंतीवर बटण दाबलं, कुलूप. वळून बघते तर माझ्या टेबलावर एक नवंकोरं लॅमिनेशन मशीन, आधीच्यापेक्षा मोठं, ए-थ्री घेणारं, खास माझ्यासाठी बजेटमधून आणलेलं. बाजूला पाऊचचे पाच बॉक्स. व्हाइस प्रिन्सिपल दारात उभे होते, मूठ वर करून म्हणाले, "ह्वाइटिंग!", म्हणजे लगे रहो, आणि जायचं नाव घेईनात.

मी प्लग लावला. दोन मिनिटांत हिरवा दिवा लागला.