स्पॅम जर्नल्सची नावं घेणं ही सेन्सॉरशिप नाही

रिसर्च करणाऱ्या कुणाचाही मेलबॉक्स उघडून बघा. संशोधनाचा एक पेपर कुठे छापून आला की मेल सुरू. आदरणीय डॉक्टरसाहेब, आपल्या थोर संशोधनाने आम्ही भारावलोय, आठ दिवसांत पेपर छापून देतो. माणूस केमिस्ट्रीचा आणि जर्नल स्त्रीरोगाचं, तरी चालतंय. आणि अशा जर्नल्सची नावं कुणी जाहीर घेतली की लगेच ओरड होते, ही सेन्सॉरशिप आहे, ज्ञानाची दारं बंद करताय. हे ऐकलं की मला खरंच राग येतो, कारण गप्प बसवण्याचं काम बहुतेक वेळा उलट्या बाजूने झालंय.

जेफ्री बील, अमेरिकेत कोलोरॅडो युनिव्हर्सिटीच्या डेन्व्हर कॅम्पसचा ग्रंथपाल. त्याला असेच मेल यायला लागले, त्याने ते नीट बघितले आणि पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या प्रकाशकांची यादीच करायला घेतली. प्रेडेटरी, म्हणजे शिकारी, जर्नल हा शब्द त्याचाच. त्या यादीत आपल्या हैदराबादची ओमिक्स ही प्रकाशन कंपनी होती. २०१३ च्या मे महिन्यात ओमिक्सकडून त्याला नोटीस गेली, १ अब्ज डॉलरचा दावा लावू, आणि वर भारताच्या आयटी ॲक्टच्या कलम ६६ए खाली ३ वर्षं जेल होऊ शकते.

६६ए आठवतंय ना? २०१२ च्या नोव्हेंबरमधे बाळासाहेब गेल्यानंतर पालघरच्या दोन मुलींना अटक झाली होती, एकीने मुंबई बंदबद्दल फेसबुकवर लिहिलं आणि दुसरीने ते लाइक केलं एवढ्यावरून, ते प्रकरण याच कलमाच्या वादाचं निमित्त ठरलं. त्या कलमात त्रास देणारे, फसवे ईमेल पाठवणाऱ्यांसाठीही तरतूद होती, म्हणजे स्पॅमवाल्यांवर चालवता आलं असतं ते हत्यार स्पॅमबद्दल तक्रार करणाऱ्या ग्रंथपालावर उगारलं गेलं! सुप्रीम कोर्टाने २४ मार्च २०१५ ला श्रेया सिंघल खटल्यात ते कलम रद्द केलं ते फार बरं झालं.

या जर्नल्समधे छापण्याआधी पेपरची तपासणी, म्हणजे रिव्ह्यू, कसा होतो तेही बघा. डेव्हिड माझिएर आणि एडी कोलर या दोघा कॉम्प्युटर शास्त्रज्ञांनी २००५ मधे स्पॅमला वैतागून एक पेपर बनवला होता, त्यात 'मला तुमच्या मेलिंग लिस्टमधून काढा' या अर्थाचं एकच वाक्य, तेही शिवीसकट, पानंच्या पानं छापलेलं, आकृत्यांमधेसुद्धा तेच. २०१४ मधे ऑस्ट्रेलियातले संशोधक पीटर व्हॅम्प्ल्यूंनी एका जर्नलच्या स्पॅमला उत्तर म्हणून तो पाठवून दिला, तर रिव्ह्यूमधे 'उत्कृष्ट' शेरा आला आणि १५० डॉलर भरा म्हणून सांगण्यात आलं. कुणी वाचलंच नव्हतं. अशांना नावं ठेवली म्हणून विज्ञानाचं काय नुकसान होणार होतं?

ओमिक्सवर अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने, म्हणजे ग्राहकांची फसवणूक रोखणाऱ्या सरकारी संस्थेने, २०१६ मधे केस केली. कंपनीने आरोप नाकारले, पण २०१९ च्या मार्चमधे कोर्टाने ५ कोटी १ लाख डॉलरचा निकाल त्यांच्या विरोधात दिला. फी आधी न सांगणं, पेपर परत मागितला तर न देणं, एडिटोरियल बोर्डावर खोटी नावं लावणं, नामवंतांना न विचारता त्यांची नावं कॉन्फरन्सच्या जाहिरातीत टाकणं, असं सगळं त्यात आलं. म्हणजे बील जे सांगत होता ते कोर्टात उभं राहिलं. पण तोपर्यंत, २०१७ च्या जानेवारीत, त्याने यादी काढून टाकली होती. युनिव्हर्सिटीकडून दबाव होता असं त्याने नंतर लिहिलं, युनिव्हर्सिटी म्हणते निर्णय त्याचा स्वतःचा. काही असो, यादी गेली.

आता दुसरी बाजू, कारण तीही खरी आहे. एकाच माणसाने ठरवायचं कोण चोर कोण साव, हे मला पटत नाही. २०१५ मधे बीलने फ्रंटिअर्स या नावाजलेल्या प्रकाशकाला यादीत टाकलं तेव्हा अनेक संशोधकांनी आक्षेप घेतला, आणि छोट्या देशातलं, साधी वेबसाइट असलेलं प्रामाणिक जर्नल अशा यादीत अडकू शकतं. त्यामुळे निकष उघड हवेत, नाव का टाकलं ते लिहिलेलं हवं, आणि अपील करता यायला हवं. एवढं केलं की सेन्सॉरशिपचा आरोप टिकत नाही.

पुण्यात हे काम जवळजवळ असंच झालं होतं. सावित्रीबाई फुले विद्यापीठातल्या भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी युजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, मान्य यादीतली १००९ जर्नल्स तपासली, ८८ टक्के निकृष्ट निघाली, निकषांसकट २०१८ मधे करंट सायन्स या जर्नलमधे छापलं. त्याच वर्षी युजीसीने ४३०५ जर्नल्स काढली आणि पुढे केअर लिस्ट ही चांगल्या जर्नल्सची नवी यादी आली. तिच्यावरही टीका झाली, कारभार पारदर्शक नाही, भारतीय भाषांतली जर्नल्स कमी, आणि ती टीका रास्तच होती. पण २०२५ च्या फेब्रुवारीत युजीसीने लिस्ट दुरुस्त करायची सोडून बंदच केली, आता कॉलेज आणि विद्यापीठांनी आपापलं बघायचं.

मग लातूर-गडचिरोलीच्या कॉलेजातल्या ग्रंथपाल मॅडमनी एखाद्या जर्नलला खोटं म्हटलं आणि त्यांना वकिलाची नोटीस आली तर त्यांच्या मागे कोण उभं राहणार? विद्यापीठांनी हे आधी लेखी द्यावं, वकिलाच्या खर्चासकट, आणि मग खुशाल आपापल्या याद्या कराव्यात.