पेपर दिसतो, म्हैस दिसत नाही

मी पेपरातल्या बारक्यातल्या बारक्या जाहिराती वाचतो आणि त्याच दिवशी संध्याकाळी कोल्हापुरात गंगावेशीत दूध कट्ट्यावर उभ्या म्हशीला जाऊन धडकतो. ह्या दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या बाबतीत खऱ्या असू शकतात हे आमच्या गल्लीत आजवर एकालाही पटलेलं नाही. म्हैसवाले काका तर सरळ म्हणाले, "काय ओ, एवढं काळं धूड दिसंना व्हय तुमाला?"

आजाराचं नाव रेटिनायटिस पिगमेंटोसा, डॉक्टर लोक आरपी म्हणतात. जन्मजात जनुकांची भानगड आहे. डोळ्याच्या पडद्याच्या कडेच्या पेशी आधी जातात, म्हणून सुरुवातीला रात्रीचं दिसायचं कमी होतं, मग बाजूचं, आणि मधलं बरीच वर्षं टिकतं. थोडक्यात बोअरच्या पाईपमधून जग बघायचं. अक्षर पाईपात मावतं, म्हैस मावत नाही.

आता पब्लिकची टेस्ट एकच, बोटं किती. पण बोटं धरतात बरोब्बर नाकासमोर, म्हणजे माझ्या पाईपच्या तोंडाशी! मी फटाफट बरोबर सांगतो आणि समोरचा "दिसतंय की लेका" म्हणून निघून जातो. मग चष्म्याचा नंबर बदला, गाजर खावा, कुणीतरी मध घाला डोळ्यात म्हणून पण सांगितलं (घालू नका, कृपा करून). चष्म्यानं आरपी सुधारत नाही हे मी आता सांगायचंच सोडलंय.

डॉक्टरांची टेस्ट मात्र खरी. त्याला पेरिमेट्री म्हणतात, एक डोळा झाकून हनुवटी टेकवायची, मधल्या ठिपक्याकडं बघत राहायचं आणि कुठंही बारीक लाईट चमकला की हातातलं बटण दाबायचं. मी बसलो की बसलोच. बराच वेळ काहीच होईना म्हणून मी विचारलं, "मॅडम, लाईट गेली काय?" मॅडम म्हणाल्या, "नाही ओ, कधीपासून चमकतायत." 2016 च्या दिव्यांग कायद्यात नजरेचा घेर 40 अंशांपेक्षा कमी पण 10 पर्यंत असेल तर अल्पदृष्टी, 10 च्या आत गेला की अंध. मी पहिल्या गटात, म्हणजे अल्पदृष्टीत बसतो. यूडीआयडी, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, ते कार्ड आलं, एसटीत सवलत मिळाली, घरात मात्र पाण्याची बादली वाटेत ठेवायची सवय कुणाची गेली नाही.

खरी मदत झाली ती ट्रेनिंगला गेल्यावर. तिथं शिकवलं की मान डावीउजवीकडं हलवत चालायचं म्हणजे पाईप सगळीकडं फिरतो. शास्त्र एकदम बरोबर आहे, पण बाजारात असं चाललं की लोकांना वाटतं हा एकतर कुणाची तरी उधारी चुकवतोय नाहीतर बायकांकडं बघतोय. मग पांढरी काठी आली. उजवा पाय पुढं तेव्हा काठी डावीकडं, डावा पुढं तेव्हा उजवीकडं, असा नियम आहे, फक्त तो नियम बनवणारा महाद्वार रोडला दिवाळीच्या आधी आला नसावा. आणि आपल्याकडं मदतीला माणसं भरपूर, फक्त ती काठीचं पुढचं टोक धरून ओढत नेतात. कोपर पुढं करा, मी धरतो आणि अर्धं पाऊल मागं चालतो, एवढंच पाहिजे असतं ओ.

पण सगळ्यात भारी प्रकार केएमटीत, म्हणजे आमच्या सिटी बसमध्ये. काठी बघून एका मावशींनी उठून जागा दिली, मी बसलो आणि सवयीनं मोबाईल काढून मेसेज वाचायला लागलो. बस शांत. मग मागनं आवाज, "बघा, काठी घेऊन व्हाट्सॲप बघतोय." मावशी पण माझ्याकडं असं बघायला लागल्या की जागा परत मागतील. मग काय, पाईप, म्हैस, 40 अंश, सगळं लेक्चर दिलं, कार्ड सुद्धा काढून दाखवलं. मागचे काका पुढं येऊन कार्ड उलटसुलट बघत म्हणाले, "आमच्या मेव्हण्याला पण मिळंल काय हे?"

"त्यांना काय त्रास आहे?"

"पैसे उसने घेतल्यापासनं आमी त्याला दिसतच न्हाई."