तिचे म्हणणे खरे कोण मानते?

रविवारी संध्याकाळी ठाण्याच्या तलावपाळीवर आमचा कट्टा भरतो. गणित शिकवून निवृत्त झालेले मास्तर, न्यायालयात वकिली करणाऱ्या वकीलबाई, आयुष्यभर ग्रंथालय सांभाळलेल्या मावशी आणि मी, असे आम्ही चौघे तिथले कायमचे. आणि चौघांनाही रहस्यकथांचे वेड. गेल्या रविवारी वादाला तोंड फुटले ते मास्तरांच्या एका विधानाने. "स्त्री-गुप्तहेर म्हणावी अशी एकच, ती मिस मार्पल," ते म्हणाले. "बाकीच्या एक तर तिच्या नकला आहेत, नाही तर पुरुष गुप्तहेराला बाईचे नाव देऊन उभ्या केलेल्या आहेत."

मास्तर उगीच काही बोलत नाहीत, त्यामुळे त्यांचे म्हणणे आधी नीट मांडले पाहिजे. अगाथा ख्रिस्ती यांची ही अविवाहित वृद्धा 1927 साली एका लघुकथेतून वाचकांसमोर आली आणि 1930 मध्ये तिची पहिली कादंबरी निघाली. पुढे एकूण 12 कादंबऱ्या झाल्या, पण सेंट मेरी मीड या लहानशा गावात मुरलेला तिचा स्वभाव शेवटपर्यंत तोच राहिला. कोणताही गुन्हेगार समोर आला, की तिला गावातले कोणी तरी आठवते: हिशेबात हात मारणारा एखादा दुकानदार, खोटे बोलणारी एखादी मोलकरीण. मास्तरांच्या मते हे शुद्ध गणित आहे, कारण न सुटणारे उदाहरण सुटलेल्या उदाहरणाच्या रूपात आणणे, हीच तर गणिताची रीत असते. त्यांनी दाखला दिला तो 1942 सालच्या 'द बॉडी इन द लायब्ररी'चा. मृत मुलीची नखे आखूड आहेत हे सगळ्यांनाच दिसते. ती कुरतडलेली आहेत, आणि सजूनधजून हॉटेलात नाचणाऱ्या मुलीची नखे अशी नसतात, हे मार्पलबाईंना खटकते. त्याच कादंबरीत त्या काही शाळकरी मुलींना प्रश्न विचारतात, सगळ्यांना जायला सांगतात, आणि त्यांतल्या एकीला तेवढे मागे ठेवून घेतात, कारण जायची परवानगी मिळताच तिचा जीव भांड्यात पडल्याचे त्यांनी टिपलेले असते. "ही नजर कोणत्या पोलीस प्रशिक्षणात मिळते?" मास्तरांनी विचारले. पुढचे सांगू नका, असे मीच त्यांना थांबवले, कारण ते पुस्तक अजून न वाचलेले दोन तरुण शेजारी बसून कान देऊन ऐकत होते.

वकीलबाईंना हे मुळीच मान्य नव्हते. त्यांची नायिका शिकागोची व्ही. आय. वॉर्शोस्की, सारा पॅरेट्स्की यांनी 1982 साली वाचकांपुढे आणलेली. ती पूर्वी गरिबांच्या बाजूने सरकारी खर्चाने लढणारी वकील होती; आता ती विमा कंपन्या, कामगार संघटना आणि बड्या धेंडांचे गैरव्यवहार खणून काढते, त्यापायी मार खाते, आणि प्रसंगी पिस्तूलही उचलते. त्याच वर्षी स्यू ग्राफ्टन यांची किन्सी मिलहोनही आली, जिची मालिका इंग्रजी मुळाक्षरांच्या क्रमाने चालत 2017 मध्ये वाय या अक्षरापर्यंत पोहोचली आणि त्याच वर्षी लेखिका गेल्यामुळे एका अक्षराने अपुरी राहिली. मास्तरांनी लगेच विचारले, "या दोघींच्या जागी पुरुष ठेवला, तर कथेत काय बदलेल?" वकीलबाई म्हणाल्या, "सगळे बदलेल, मास्तर. वॉर्शोस्कीच्या वडिलांचा जुना पोलीस मित्र तिला प्रत्येक भेटीत सुनावतो, की तू लग्न करून संसारात असायला हवी होतीस. हे पुरुषाला कोणी ऐकवते का? पुरावा हातात घेऊन ती येते, तेव्हा तो पुरावा बघायच्या आधी ही बाई इथे कशाला आली, हे बघितले जाते. न्यायालयात मी हे रोज अनुभवते." एवढे बोलून त्या थांबल्या, आणि मग त्यांनी वॉर्शोस्कीच्या आईचे लाल काचेचे पेले सांगितले. इटलीतून परागंदा होताना आईने जिवापाड जपून आणलेले ते पेले ही लेक हाणामाऱ्यांनी भरलेल्या आयुष्यात सांभाळू पाहते. वकीलबाई म्हणाल्या, की पुरुष गुप्तहेराला बाईचे नाव देऊन हे पेले कथेत येत नाहीत, आणि माझ्या मते या मुद्द्याला मास्तरांकडे उत्तर नव्हते.

मावशी तोवर गप्प होत्या. त्यांनी विषय आफ्रिकेत नेला. अलेक्झांडर मॅकॉल स्मिथ यांच्या 1998 साली सुरू झालेल्या मालिकेतली प्रेशस रामोत्स्वे बोत्स्वानात वडिलांची गुरे विकून आलेल्या पैशांवर गुप्तहेर संस्था काढते. त्या संस्थेची मालमत्ता म्हणजे दोन टेबले, दोन खुर्च्या, एक दूरध्वनी, एक जुना टाइपरायटर आणि चहाची किटली. आणि पेले तीनच, एक स्वतःसाठी, एक चिटणीस बाईंसाठी आणि तिसरा येणाऱ्या अशिलासाठी. मावशींचा जीव त्या तिसऱ्या पेल्यावर आहे. त्यांनी सांगितलेला प्रसंग असा: एक उपटसुंभ माणूस बाप म्हणून एका मुलीच्या घरात ठाण मांडून बसतो. रामोत्स्वेबाई परिचारिकेचा वेश करून त्याच्यापुढे उभ्या राहतात आणि सांगतात, की तुमच्या मुलीला अपघात झाला आहे, तिला बापाचेच रक्त हवे, आणि ते इतके लागेल की कदाचित तुमचा जीवही जाईल. आपण तिचे वडील नाही, हे तो त्याच क्षणी कबूल करतो. "पोलीस नाही, कोर्ट नाही," मावशी म्हणाल्या. "आपले म्हणणे खरे मानून घ्यायला कोणाच्या दारात जायचेच नाही, असे तिने ठरवलेले आहे."

मावशींच्या या वाक्यावर मला एकदम उमगले, की आमचा वाद चुकीच्या जागी चालला होता. कोण किती हुशार, कोणाची पद्धत बायकी आणि कोणाची पुरुषी, ही मोजपट्टी या बायांना लावून फारसे हाती लागत नाही, कारण छडा तर त्या सगळ्याच लावतात. छडा लागल्यावर तिचे म्हणणे कोणी खरे मानायचे, हा प्रश्न मात्र प्रत्येकीपुढे वेगळा उभा राहतो, आणि त्या-त्या लेखकाने किंवा लेखिकेने त्याचे दिलेले उत्तर हाच त्या मालिकेचा कणा असतो. मास्तरांच्या मार्पलबाईंनाही इन्स्पेक्टर स्लॅक धुडकावून लावतो. त्यांच्या शब्दाला वजन येते ते स्कॉटलंड यार्डचे निवृत्त प्रमुख सर हेन्री क्लिदरिंग यांनी त्यांची भलामण केल्यावर. आमच्या पिढीने तर 1985 च्या सुमारास दूरदर्शनवर 'करमचंद' पाहिला, आणि त्यातल्या गुप्तहेराची मदतनीस किटी काही विचारायला गेली की तिला गप्प केले जायचे. ते पाहून आम्ही घरोघर हसलो, याचे मला आज वाईट वाटते.

मग मी माझी बाजू मांडली. सुजाता मॅसी यांची परवीन मिस्त्री ही 1921 सालच्या मुंबईतली पारशी वकील. 2018 साली आलेल्या पहिल्या कादंबरीत मलबार हिलवर पडद्यात राहणाऱ्या तीन विधवा आपले हक्क सोडून द्यायला निघाल्या आहेत असे कागदपत्रे सांगतात, आणि त्यांच्या सह्यांबद्दल परवीनला शंका येते. त्या बंगल्याच्या जनानखान्यात पुरुषाला पाऊल टाकता येत नाही, म्हणजे खरे काय ते कळण्याचा रस्ता फक्त तिलाच खुला आहे. पण कळलेले न्यायालयात उभे राहून मांडायची मुभा तिला नाही. तिथे वडिलांनी बोलायचे. या पात्रामागची प्रेरणा आपल्याच मातीतली आहे. 1866 मध्ये नाशिकला जन्मलेल्या आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेल्या कॉर्नेलिया सोराबजी 1892 मध्ये ऑक्सफर्डची कायद्याची परीक्षा उत्तीर्ण झाल्या, पण पदवी हातात पडायला 1922 उजाडले. पडद्यातल्या स्त्रियांच्या मालमत्तांची प्रकरणे त्यांनी वर्षानुवर्षे हाताळली, आणि स्त्रियांना वकिली करू देणारा कायदा आपल्याकडे झाला तो 1923 मध्ये.

वकीलबाई बराच वेळ पाण्याकडे बघत होत्या. "म्हणजे परवीनला दार उघडे आणि तोंड बंद," त्या म्हणाल्या, "आणि वॉर्शोस्कीला तोंड उघडे आणि दार बंद." मास्तरांनी परवीनचे पुस्तक वाचायला मागितले, पण मार्पलबाईंना त्यांनी सोडले नाही, मोजपट्टी बदलली तरी उत्तर बदलत नाही, असा त्यांचा हेका कायम होता.

त्यांना बळ दिले ते मावशींनी. 1964 सालच्या कॅरिबियन बेटावरच्या कथेत मार्पलबाई एका रात्री डोक्याला गुलाबी लोकरी शाल गुंडाळून राफिएल नावाच्या तिरसट, अपंग धनिकाला झोपेतून उठवतात आणि आत्ताच्या आत्ता मदत करा म्हणतात. त्याला हसू येते, पण तो विश्वास ठेवतो. 1971 सालच्या कादंबरीत तो वारलेला आहे, आणि एका जुन्या अन्यायाचा छडा लावण्याबद्दल त्याने मृत्युपत्रात या बाईंच्या नावे 20,000 पौंड ठेवले आहेत. काम फत्ते होते आणि पैसे घ्यायला त्या वकिलांकडे जातात. एवढी रक्कम नीट गुंतवावी असे वकील सुचवतात. बाई ती चालू खात्यात भरायला सांगतात, कारण त्यांना ती खर्च करायची असते.

"चालू खात्यात," मावशी पुन्हा म्हणाल्या, आणि मास्तरांनी त्यांच्यासाठी आणखी एक चहा सांगितला.