लोकांना टपालसेवा विकायची आहे, हे ठरवलं कुणी?

एक संदेश सध्या या हातातून त्या हातात फिरतो आहे. त्याचा सारांश असा: राष्ट्रीय टपालसेवा खासगी हातात द्यावी, असा जगभरच्या लोकांचाच कौल आहे. ब्रिटनमध्ये शेअर घ्यायला झुंबड उडाली, जपानमध्ये याच मुद्द्यावर निवडणूक जिंकली गेली, अमेरिकेत लोक पोस्टाच्या तोट्याला विटले आहेत. पत्रं आता कुणी लिहीत नाही. विरोध आहे तो फक्त कर्मचारी संघटनांचा. आणि नाहीच जमलं, तर सरकार परत ताब्यात घेईल.

टपालसेवा सरकारी असावी की खासगी, यावर प्रामाणिक मतभेद असू शकतात. खासगीकरणाच्या बाजूनं वजनदार मुद्दे आहेत आणि ते मांडणाऱ्यांशी वाद घालायला मला आवडतं. या संदेशात मात्र ते मुद्दे नाहीत. लोकांनी जे म्हटलेलंच नाही ते त्यांच्या नावावर खपवलं आहे, आणि मला राग आहे तो त्याचा.

सुरुवात ब्रिटनपासून, कारण संदेशातला सगळ्यात ठसठशीत पुरावा तोच आहे. तिथली टपालसेवा असलेल्या रॉयल मेलची भागविक्री ऑक्टोबर 2013 मध्ये झाली. झुंबड उडाली हे खरं. सामान्य गुंतवणूकदारांसाठी राखलेल्या शेअरना सुमारे सातपट मागणी आली, 10 हजार पौंडांहून जास्त रकमेचे अर्ज करणाऱ्यांना काहीच मिळालं नाही आणि बाकीच्यांना प्रत्येकी 227 शेअर मिळाले. शेअर मिळालेल्यांची संख्या होती सुमारे 6 लाख 90 हजार. ब्रिटनमधल्या प्रौढांची संख्या 5 कोटींच्या आसपास धरली, तर हे प्रमाण शंभरात दीड माणूस इतकं भरतं. उरलेल्या साडेअठ्ठ्याण्णवांचं म्हणणं काय होतं? त्याच वर्षी जुलैमध्ये यूगव्ह या संस्थेनं घेतलेल्या चाचणीत सुमारे दोन तृतीयांश लोक विक्रीच्या विरोधात होते. भागविक्री उरकल्यावर नोव्हेंबरमध्ये पुन्हा चाचणी झाली, तेव्हाही रॉयल मेल सार्वजनिक मालकीचीच हवी असं म्हणणारे 67 टक्के निघाले.

शेअर घेणं म्हणजे पाठिंबा देणं, हे समीकरण का चुकतं ते खुद्द रॉयल मेलच्या पोस्टमननी दाखवून दिलं. कायद्यानुसार 10 टक्के शेअर कर्मचाऱ्यांना फुकट मिळायचे होते आणि जवळजवळ सगळ्यांनी ते घेतले. त्याच महिन्यात पगार, निवृत्तिवेतन आणि खासगीकरणानंतरच्या नोकरीच्या अटी यांवरून संपासाठी मतदान झालं, तेव्हा मत देणाऱ्यांपैकी 78 टक्क्यांनी संपाच्या बाजूनं कौल दिला. घर विकायला काढलं जाणारच असेल तर आपला वाटा कुणी सोडत नाही. पण वाटा घेतला म्हणून घर विकण्याला संमती दिली, असा अर्थ कुठल्याही कुटुंबात काढत नाहीत.

शिवाय झुंबड का उडाली, तेही बघायला हवं. शेअरची किंमत ठेवली होती 330 पेन्स. पहिल्याच दिवशी बाजार बंद होताना ती 455 पेन्सवर पोहोचली, म्हणजे एका दिवसात 38 टक्के वाढ. पुढच्या जानेवारीत तिनं 600 चा आकडाही ओलांडला. सरकारनं फार सावध किंमत लावली, असं ब्रिटनच्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयानं एप्रिल 2014 च्या अहवालात नोंदवलं. स्वस्तात मिळणाऱ्या वस्तूसमोर रांग लागते. त्या रांगेवरून वस्तूची किंमत चुकली एवढंच कळतं.

आणखी एक गोष्ट संदेशात येत नाही. मार्गारेट थॅचर यांच्या सरकारनं ब्रिटिश टेलिकॉम विकली, ब्रिटिश गॅस विकली, ब्रिटिश एअरवेज विकली, पण रॉयल मेल विकली नाही. 1994 मध्ये थॅचर यांच्याच हुजूर पक्षाचे मंत्री मायकल हेसल्टाइन यांनी ती विकायची योजना आणली, ती स्वपक्षाच्याच खासदारांच्या विरोधामुळे बारगळली. 2009 मध्ये मजूर पक्षाच्या पीटर मँडेल्सन यांनी काही हिस्सा विकायचं ठरवलं, तेही मागे घ्यावं लागलं. लोकांचा कौल इतका उघड होता, तर दोन्ही पक्षांचे नेते वीस वर्षं का अडखळले? आपल्या मतदारसंघातल्या लोकांना काय वाटतं याचा अंदाज खासदारांना असतो.

आता जपान. इथे संदेश सत्याच्या बराच जवळ आहे. तेव्हाचे पंतप्रधान जुनिचिरो कोइझुमी यांचं टपाल खासगीकरणाचं विधेयक 8 ऑगस्ट 2005 रोजी वरिष्ठ सभागृहात पडलं. त्यांनी लगेच कनिष्ठ सभागृह विसर्जित केलं, विधेयकाला विरोध करणाऱ्या स्वपक्षीयांविरुद्ध उमेदवार उभे केले आणि 11 सप्टेंबरच्या निवडणुकीत 480 पैकी 296 जागा जिंकल्या. ऑक्टोबरमध्ये विधेयक मंजूर झालं. टपालाच्या प्रश्नावर लढलेली इतकी थेट निवडणूक मला दुसरी माहीत नाही, आणि तिला कौल म्हणायला माझी हरकत नाही.

पण कौल कशाला होता? जपानचं टपालखातं पत्रांपेक्षा पैशांसाठी ओळखलं जायचं. टपाल बचत आणि टपाल विमा मिळून सुमारे 350 लाख कोटी येन त्याच्याकडे होते. हा पैसा राजकीय सोयीच्या रस्त्यांत आणि पुलांत जिरतो, तो मोकळा करा, असा कोइझुमींचा युक्तिवाद होता. पत्रांचा बटवडा कोणी करावा हा त्यातला धाकटा प्रश्न होता. देशभरची सुमारे 24 हजार टपाल कार्यालयं बंद पडणार नाहीत, ही ग्वाही तर सरकारला पुन्हा पुन्हा द्यावी लागली. लोक खासगीकरणावर इतके लुब्ध असते, तर त्या ग्वाहीची गरज पडली नसती.

पुढे काय झालं तेही सांगायला हवं. ऑगस्ट 2009 मध्ये कोइझुमींचा पक्ष 119 जागांवर आला, नवं सरकार बसलं आणि त्या डिसेंबरमध्ये शेअरविक्री गोठवणारा कायदा झाला. संदेशाचाच तर्क लावला तर लोकांनी खासगीकरण फेटाळलं असं म्हणावं लागेल. मी तसं म्हणत नाही, कारण 2009 ची निवडणूक इतर अनेक कारणांनी फिरली. शेअर बाजारात यायला नोव्हेंबर 2015 उजाडलं, आणि आजही मुख्य कंपनीचे एक तृतीयांशाहून अधिक शेअर सरकारनं स्वतःकडे ठेवावेत असं कायद्याचं बंधन आहे. एका निवडणुकीवर बोट ठेवून ‘लोकांनी निवाडा केला’ असं सांगणाऱ्यानं ही पुढची दहा वर्षंही सांगावीत.

अमेरिकेबद्दलचं विधान मात्र सरळ चुकीचं आहे. तिथली टपालसेवा गेली कित्येक वर्षं तोटा दाखवते हे खरं, पण लोक तिला विटलेले नाहीत. प्यू संशोधन केंद्राच्या 2020 मधल्या पाहणीत दहापैकी नऊ अमेरिकनांचं टपालसेवेबद्दल चांगलं मत होतं. विचारलेल्या सरकारी यंत्रणांमध्ये ती सर्वात वर होती. बहुतेक प्रत्येक प्रश्नावर दुभंगणाऱ्या त्या देशात रिपब्लिकन आणि डेमोक्रॅट या एका बाबतीत एकाच बाजूला दिसले. चांगलं मत म्हणजे खासगीकरणाला विरोध, असं मी म्हणणार नाही. ते दोन वेगळे प्रश्न आहेत. पण ‘विटले आहेत’ हे म्हणायला मुळात आधार नाही.

तोट्याचं म्हणाल, तर 2006 च्या एका कायद्यानं तिथल्या टपालसेवेवर असं ओझं टाकलं जे इतर सरकारी खात्यांवर नव्हतं. निवृत्त होणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या आरोग्यविम्याचे पैसे अनेक दशकं आधीच बाजूला काढायचे, वर्षाला साडेपाच अब्ज डॉलरच्या आसपास. पत्रांची संख्याही घसरत होती, त्यामुळे सगळा तोटा या एका कायद्याचा नव्हे. पण त्याचा मोठा वाटा या हिशेबातून आला. 2022 मध्ये ती अट रद्द झाली आणि सुमारे 57 अब्ज डॉलरची थकबाकी पुस्तकातून गेली. आणि तिचा रोजचा खर्च साधारणपणे तिकिटं आणि पार्सलांच्या कमाईतून चालतो, कराच्या पैशातून नव्हे. ‘तोटा तुमच्या खिशातून जातो, मग विकायची का?’ असं विचारलं तर माणूस हो म्हणेल. प्रश्नातच खोट असेल तर उत्तराला लोकमत कसं म्हणायचं?

ब्रिटनमध्ये तर उलटं घडलं. विक्रीच्या वेळी रॉयल मेल नफ्यात होती. तिच्या निवृत्तिवेतन योजनेचं जुनं, प्रचंड मोठं देणं 2012 मध्ये सरकारनं स्वतःकडे घेतलं आणि मग हलकी झालेली कंपनी बाजारात आणली. खासगीकरणानं करदात्याचं ओझं उतरतं असं मानणाऱ्यांनी हा क्रम नीट पाहावा: ओझं करदात्याकडे राहिलं, कमाईचं अंग विकलं गेलं.

‘पत्रं आता कुणी लिहीत नाही’ यात तथ्य आहे आणि ते नाकारून उपयोग नाही. ब्रिटनमध्ये 2011-12 मध्ये वर्षाला 14 अब्जांहून जास्त पत्रं जायची, बारा वर्षांत ती 7 अब्जांच्याही खाली आली. डेन्मार्कमध्ये सरकारी मालकीच्या पोस्टनॉर्डनं 2025 च्या अखेरीस पत्रांचा बटवडाच थांबवला. सरकारी मालकी पत्रांना वाचवते, असा दावा मी म्हणूनच करणार नाही. पण मग खासगी मालकी वाचवते हा दावाही टिकत नाही. ब्रिटनमध्ये पहिल्या वर्गाचं, म्हणजे लवकर पोचणाऱ्या पत्राचं तिकीट 2013 मध्ये 60 पेन्सला होतं, 2025 मध्ये ते 1 पौंड 70 पेन्सवर गेलं. वेळेत बटवडा न केल्याबद्दल नियामक ऑफकॉमनं रॉयल मेलला 2023, 2024 आणि 2025 अशी लागोपाठ तीन वर्षं दंड केला, आणि त्याच नियामकाला दुसऱ्या वर्गाची, म्हणजे स्वस्त आणि सावकाश जाणारी पत्रं एक दिवसाआड पोचवायची मुभाही द्यावी लागली. घसरण दोन्हीकडे आहे. ती आली की सेवा किती कमी करायची हे कोण ठरवतं, मालक की संसद, एवढाच फरक मालकीनं पडतो. आणि मला तरी हा फरक मोठा वाटतो.

इथेच लोकमताचा खरा गाभा आहे. ब्रिटनमध्ये रोलंड हिल यांनी केलेल्या टपाल सुधारणेनंतर 1840 पासून टपालाची एक साधी अट लोकांच्या अंगवळणी पडली: पत्र शेजारच्या गल्लीत जावो की देशाच्या दुसऱ्या टोकाला, तिकीट एकच. डोंगरातलं शेवटचं घर आणि शहरातली इमारत यांना एकाच दरानं जोडायचं, तर स्वस्त मार्गावरचा पैसा महाग मार्गावर वापरावा लागतो. कुठलीही खासगी कंपनी हे आपणहून करणार नाही, आणि त्यात तिचा दोष नाही. म्हणून जिथे जिथे विक्री झाली तिथे ही अट कायद्यानं कंपनीच्या गळ्यात बांधावी लागली. जर्मनीनं तर 1994 मध्ये राज्यघटनेतच लिहिलं की देशभर पुरेशी टपालसेवा मिळेल याची हमी संघराज्य देईल. तिथली टपाल कंपनी डॉइश पोस्ट शेअर बाजारात आली ती त्यानंतर, 2000 मध्ये. नेदरलँड्समध्ये स्पर्धेचा प्रयोग असा संपला की तिथली मुख्य टपाल कंपनी पोस्टएनएलनं 2019 मध्ये आपला प्रतिस्पर्धी सँड विकत घेतला, आणि पुढे पत्रसेवा परवडत नाही म्हणून तीच कंपनी सरकारकडे पैसे मागायला गेली.

लोकांना विचारायचं असेल तर हे विचारा: दर सर्वांना एकच राहील याची हमी नसेल, तरी विक्री चालेल का? आठवड्यातले बटवड्याचे दिवस मालकानं ठरवले तर चालेल का? ‘सेवा सुधारावी असं वाटतं का’ याला सगळेच हो म्हणतात, मीही म्हणतो. न्यूझीलंडनं 1987 मध्ये टपालाला व्यावसायिक कंपनीचं रूप दिलं, शेकडो कार्यालयं बंद केली, लोकांचा रोष पत्करला, आणि मालकी आजही सरकारकडेच आहे. सुधारणा हवी म्हणणारा माणूस विक्रीच मागतो असं धरून चालणाऱ्यांनी हे उदाहरण पाहावं.

‘विरोध फक्त कर्मचारी संघटनांचा’ याला फार वेळ द्यायची गरज नाही. दोन तृतीयांश ब्रिटिश लोक काही संघटनेचे सभासद नव्हते. फ्रान्समध्ये ऑक्टोबर 2009 मध्ये ला पोस्ट या सरकारी टपालसेवेला कंपनीचं रूप देण्याविरोधात नागरिकांचं अनौपचारिक मतदान घेतलं गेलं, तेव्हा 20 लाखांहून जास्त लोक मत द्यायला आले. ते विरोधकांनीच भरवलं होतं, त्यामुळे त्यातल्या टक्केवारीला मी पुरावा मानत नाही. पण 20 लाख माणसं आपली कामं सोडून एका टपालसेवेसाठी घराबाहेर पडली, हे त्यातून उरतंच. पुढच्या वर्षी ला पोस्ट कंपनी झाली, तेव्हा तिचं भांडवल सार्वजनिक हातातच राहील असं कायद्यात लिहिलं गेलं.

राहिलं शेवटचं आश्वासन, नाही जमलं तर परत घेता येईल. अर्जेंटिनानं घेतली. 1997 मध्ये तिथली टपालसेवा माक्री कुटुंबाच्या उद्योगसमूहाला चालवायला दिली होती. ठरलेली वार्षिक रक्कम 1999 पासून थकली, 2001 मध्ये कंपनीनं कर्जफेड जमत नसल्याचं न्यायालयात सांगितलं आणि 2003 मध्ये नेस्टोर किर्चनेर यांच्या सरकारनं करार रद्द केला. हे जमलं, कारण तिथे सेवा चालवायला दिली होती, विकली नव्हती. जुन्या थकबाकीचा खटला त्यानंतरही वर्षानुवर्षं चालला. ब्रिटननं आपला उरलेला हिस्सा 2015 मध्ये विकला. दहा वर्षांनी रॉयल मेलची मालक कंपनी चेक उद्योगपती डॅनिएल क्रेटिन्स्की यांच्या समूहाकडे 3.6 अब्ज पौंडांना गेली. त्या व्यवहारात सरकारच्या हाती एक विशेष शेअर आला. मुख्यालय किंवा करभरणा देशाबाहेर न्यायचा झाला, तर या शेअरच्या बळावर सरकार नाही म्हणू शकतं. तिकिटाची किंमत त्या शेअरच्या कक्षेत येत नाही.