अलास्कातल्या 'फुकट बंगल्या'बद्दल
ग्रुपवर फिरतंय ना की अमेरिकन सरकार आर्टिस्टना अलास्कात समुद्रकाठी बंगला, तिकीट नि महिनाभर पगार देतं, तसं काही नाहीये. 'व्हॉइसेस ऑफ द विल्डरनेस' हा प्रोग्राम खरा आहे, टोंगाससारख्या सरकारी जंगलांत चालतो, पण मुक्काम साधारण आठवडाभराचा, बंगला कसला, बऱ्याचदा तंबूच आणि सोबत रेंजर (जंगल सांभाळणारा सरकारी कर्मचारी), कयाक नाहीतर बोट, वर पाऊस. पगार नाही, आर्टिस्ट व्हॉलंटियर म्हणून जातो, अलास्कापर्यंतचं भाडं आपल्याच खिशातून, आणि हो, रेंजरला किनाऱ्यावरचा कचरा उचलायलाही मदत करायची (मला तर हेच जास्त आवडलं). नंतर एक कलाकृती ते जंगल सांभाळणाऱ्या सरकारी एजन्सीला द्यायची असते. त्या मेसेजमधला 'रजिस्ट्रेशन फी' वगैरे भरू नका बाबांनो.