जुन्या लकव्याला म्हणे रोबोटच लागतो

जळगाव-धुळ्याकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक व्हिडिओ फिरतोय आणि त्याखाली लांबलचक मजकूर. व्हिडिओत एक माणूस पायांना यंत्र बांधून ट्रेडमिलवर अगदी तालात चालतो. मजकुराचं म्हणणं थोडक्यात असं: लकवा मारून सहा महिने उलटले की साध्या फिजिओने काही होत नाही. रोबोट पाय अचूक उचलतो, म्हणून मेंदू चालणं पुन्हा शिकतो. एका वेळेला हजार पावलं होतात, माणसाच्या हाताने तेवढी होत नाहीत. परदेशी अभ्यासांनी हे सिद्ध केलंय. पाच-दहा वर्षांचा जुना पेशंटही एकवीस दिवसांत काठी टाकतो. आणि शेवटी, बापापुढे पैशाकडे काय बघायचं?

मी चोपडा-यावल भागात घरोघर जाऊन फिजिओथेरपी करतो. माझ्याकडे हे मशीन नाही आणि माझं पोट साध्या फिजिओवरच चालतं, तेव्हा माझं बोलणंही तपासूनच घ्या.

सहा महिन्यांचं विधान अर्धं खरं आहे, म्हणूनच ते पटतं. सुधारणेचा वेग पहिल्या तीन महिन्यांत सगळ्यात जास्त असतो, पुढे मंदावतो. थांबत मात्र नाही. २०११ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये अमेरिकेतल्या ४०८ पेशंटांचा अभ्यास आला. एका गटाला पट्ट्यांनी वजन तोलून धरत ट्रेडमिलवर चालवणं स्ट्रोकनंतर, म्हणजे लकव्याच्या झटक्यानंतर, दोन महिन्यांनी सुरू केलं, दुसऱ्याला सहा महिन्यांनी. तिसऱ्याला ट्रेडमिल नाहीच, फिजिओ घरी येऊन ताकदीचे आणि तोलाचे व्यायाम घेणार. वर्ष संपलं तेव्हा तिन्ही गट जवळपास सारखे होते आणि एकूण ५२ टक्के लोकांची चाल वरच्या पायरीला गेली होती. त्या ट्रेडमिलवर रोबोट नव्हता, पाय फिजिओच हलवत होते. पण सहा महिन्यांनी सुरुवात केलेले मागे पडले नाहीत, एवढं त्यातून स्पष्ट दिसतं.

त्याहून जुन्या पेशंटांचं बघायचं तर २०२३चा ‘जामा न्यूरॉलॉजी’तला अभ्यास घ्या. ५५ जण, स्ट्रोक होऊन सहा महिने ते पाच वर्षं झालेले. आठवड्यातून तीन दिवस, ४५ मिनिटं, बारा आठवडे. एक गट मध्यम गतीने सलग चालला. दुसरा थोडा वेळ जमेल तितक्या जोरात, मग विश्रांती, पुन्हा जोरात. सहा मिनिटांत कापलेलं अंतर पहिल्या गटात सुमारे २७ मीटरने वाढलं, दुसऱ्यात सुमारे ७१ मीटरने. यात कुणाचा पाय यंत्राने उचलला नव्हता.

मग आपल्याकडे जुने पेशंट जागच्या जागी का अडकतात? बऱ्याच घरांत मला जे दिसतं ते सांगतो. पहिले तीन महिने फिजिओ, मालिश, देवदर्शन, सगळं जोरात. आबा काठीवर संडासापर्यंत जायला लागले की घर सुटकेचा श्वास टाकतं आणि तिथेच सराव संपतो. पाणी खाटेवर, ताट खाटेवर. सून म्हणते, ‘आबा, तुम्ही बसा, पडाल.’ ती मायेनेच म्हणते. पण दिवसभरात पन्नास पावलंही न टाकणाऱ्या माणसाची चाल सुधारणार कुठून? हा दोष सहा महिन्यांच्या मुदतीवर ढकलून देता येत नाही.

रोबोट पाय अचूक उचलतो, हे दुसरं. उचलतो ना, आणि खरी अडचण तिथेच आहे. या यंत्रांचे ढोबळ दोन प्रकार. एकात पाय बाहेरच्या सांगाड्यात अडकवतात आणि मोटर कंबर-गुडघा हलवते, स्वित्झर्लंडचं लोकोमॅट हे त्यातलं गाजलेलं नाव. दुसऱ्यात पावलं दोन फळ्यांवर ठेवतात आणि फळ्या फिरतात. दोन्हीकडे अंगाचं काही वजन वरून पट्ट्यांनी पेललेलं असतं. म्हणजे गुडघा आत लचकला, पाऊल घासलं, तोल गेला, तर ते सावरायचं काम यंत्र करतं. चालणं शिकायचं म्हणजे हेच तर सावरायला शिकायचं असतं! बैलगाडीत बसून चोपड्याहून यावलला गेलं तर रस्ता कापला जातो, पोटऱ्या मजबूत होत नाहीत.

अभ्यासातही हेच दिसलं. २००८ साली अमेरिकेत चालू शकणाऱ्या ४८ जुन्या पेशंटांचे दोन गट केले. एका गटाला रोबोट, दुसऱ्याला फिजिओ गरजेपुरताच हात लावणार. चालण्याचा वेग फिजिओच्या गटात जास्त वाढला. पुढच्या वर्षी ६३ जणांच्या अभ्यासात, स्ट्रोक होऊन सहा महिनेही न झालेल्या लोकांत, नेहमीच्या पद्धतीने चालवलेलेच लोकोमॅटवाल्यांच्या पुढे होते. मशीन सुधारत चाललंय, हवी तेवढीच मदत करणारी यंत्रं आली आहेत, हे खरं. मग मदत किती टक्के चालू आहे आणि ती दर आठवड्याला कमी होतेय का, हे विचारायला हवं.

हजार पावलांचा मुद्दा मात्र मी मान्य करतो. २००९च्या एका पाहणीत अमेरिका आणि कॅनडातल्या नेहमीच्या फिजिओथेरपीत एका वेळेला सरासरी ३५७ पावलंच मोजली गेली. आमच्या धंद्याला हे भूषणावह नाही. खाटेवर पाय वर-खाली करण्यात निम्मा वेळ घालवणारे फिजिओ मीही पाहिलेत. पण त्यावरचा उपाय पावलं वाढवणं हा आहे, आणि ती ओट्यापासून गल्लीच्या टोकापर्यंतही वाढतात.

‘परदेशात सिद्ध झालंय.’ काय सिद्ध झालंय? जगभरातल्या चाचण्या एकत्र करून तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०२०च्या आढाव्यात ६२ चाचण्या आणि २४४० पेशंट आहेत. त्याचा निष्कर्ष मशीनच्या बाजूने आहे, तो लपवण्याचं कारण नाही. फिजिओथेरपीच्या जोडीने मशीन वापरलं तर आधाराशिवाय चालायला लागणाऱ्यांचं प्रमाण वाढतं, साधारण आठ जणांमागे एक जास्त. मात्र जास्त फायदा दिसतो तो पहिल्या तीन महिन्यांतल्या आणि अजून चालताच न येणाऱ्या पेशंटांना. शिवाय मशीन फिजिओच्या जोडीला आहे, त्याच्या जागी नाही. म्हणजे मजकूर ज्यांना गाठतोय, त्या जुन्या, काठीवर का होईना चालणाऱ्या लोकांबद्दल हा आढावा काही मोठं वचन देत नाही. त्यांच्यासाठी अमेरिकन फिजिकल थेरपी असोसिएशनची २०२०ची मार्गदर्शक सूचना सरळ आहे: सहा महिने उलटलेल्या आणि चालू शकणाऱ्या पेशंटाचा वेग आणि अंतर वाढवायचं तर रोबोटवर चालवू नका, जोर लावून चालवा.

एकवीस दिवसांवर फार शाई खर्च करत नाही. त्याच कॉक्रेन आढाव्यात वेगातली सरासरी वाढ सेकंदाला ६ सेंटीमीटर आहे. अंगणातले दहा मीटर कापायला ज्याला २५ सेकंद लागतात, त्याला मग साधारण २२ लागतील. काठी टाकण्याची घाई तर कुणीच करू नये. पडून खुबा मोडला तर आहे ती चालही जाते. पाऊल लोंबत असेल तर घोट्याची स्प्लिंट, म्हणजे पाऊल वर धरून ठेवणारा आधार, करून घ्या. कित्येकांचा पाय घासणं तेवढ्यानेच कमी होतं आणि खर्च मशीनच्या मानाने किरकोळ.

आता पैसा. केळी किंवा कापसाचे पैसे हातात आले की असल्या पॅकेजची चौकशी वाढते, आणि पोरं खर्चाला मागे हटत नाहीत. बाप उभा राहावा म्हणून कोण हिशेब करतो? म्हणून हिशेब मीच मांडतो. पुण्या-मुंबईत खोली घेऊन तीन आठवडे मशीनवर काढले आणि परत येऊन आबा पुन्हा खाटेवर बसले, तर काही उरत नाही. तोच पैसा वर्षभर जवळच्या फिजिओला दिला, ओट्याला कठडा बसवला, संडासात धरायला दांडा लावला, तर सराव रोजचा होतो. एसटीची पायरी चढणं, उंबरठा ओलांडणं, बांधावरून जाणं यातलं काहीच मशीनवर होत नाही. ते त्याच जागी शिकावं लागतं.

जोरात चालवा म्हटलं तरी आधी डॉक्टरांकडून बीपी आणि हृदय तपासून घ्या, आणि आपल्या उन्हाळ्यात सकाळी लवकरच. छातीत दुखलं, चक्कर आली तर थांबा.

ज्यांना स्ट्रोकला जेमतेम महिना-दोन महिने झालेत आणि जे उभेच राहू शकत नाहीत, त्यांनी मशीनची चौकशी जरूर करावी. बाकीच्यांनी जायचंच ठरवलं असेल तर आधी घरी दहा मीटर आखून वेळ लिहून ठेवा. केंद्रात विचारा की जुन्या, चालणाऱ्या पेशंटांची हीच वेळ सुरुवातीला किती होती आणि शेवटी किती झाली. जमिनीवरची वेळ, मशीनवरची नव्हे. आणि व्हिडिओतला तो माणूस पट्टे सोडल्यावर कसा चालतो, तेही दाखवा म्हणा.